'वर्ड पॉवर मेड ईझी' संशोधनासाठी किती पुरतं?



नेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "इंग्रजी कच्चं आहे, 'वर्ड पॉवर मेड ईझी' वाचू का?" प्रश्न साहजिक आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जा, नाहीतर कुठल्याही जिल्ह्याच्या गावी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचं दुकान गाठा, नॉर्मन लुईस यांचं हे जाडजूड पुस्तक समोरच रचून ठेवलेलं दिसतं. 1949 साली ते अमेरिकेत पहिल्यांदा आलं, 1978 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि आजही आपल्याकडे सीनियर ज्युनियरला, क्लासवाले विद्यार्थ्याला हेच पुस्तक सुचवतात.

माझं थोडक्यात उत्तर: वाचा. पण संशोधनासाठी वाचत असाल तर ते तुम्हाला निम्म्या वाटेवर सोडतं हे माहीत असू द्या. उरलेली निम्मी वाट कोणती, ते या लेखात पाहू.

एक मर्यादा आधीच सांगतो. पुस्तकात डॉक्टरांच्या शाखा, शास्त्रांची नावं असं बरंच काही आहे. मी बोलणार आहे फक्त माणसाच्या भावना, दृष्टिकोन आणि वर्तन सांगणाऱ्या शब्दांबद्दल. पुस्तकाचा मोठा भाग त्यांनीच व्यापलाय, आणि संशोधनात हेच शब्द सगळ्यात जास्त घोळ घालतात. माझा विषय प्राण्यांचं वर्तन हा आहे, त्यामुळे या शब्दांशी माझी रोजची गाठ आहे.

पुस्तकाचं काय चांगलं आहे

पहिली गोष्ट म्हणजे हे पुस्तक अकारविल्हे नाही. लुईस शब्द कल्पनेनुसार बांधतात. सुरुवातीच्याच प्रकरणात स्वभावाचे दहा शब्द आहेत: ईगोइस्ट, ईगोटिस्ट, अल्ट्रुइस्ट, इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट, अ‍ॅम्बिव्हर्ट वगैरे. एका घरातले शब्द एकत्र भेटले की त्यांच्यातला फरक कळतो, आणि फरक कळला की शब्द लक्षात राहतो. यादी पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरी, लॅटिन आणि ग्रीक मूळ रूपं. एक मूळ कळलं की आठ-दहा शब्द सुटतात. संस्कृत धातू शिकलेल्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. तिसरी, प्रत्येक टप्प्यावर चाचणी. वाचलं, पान उलटलं, विसरलं असं हे पुस्तक होऊ देत नाही. उच्चारही देतं, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना त्याचा खरोखर आधार वाटतो.

शिवाय लुईस कधीकधी फार बारीक भेद करून देतात. ईगोइस्ट आणि ईगोटिस्ट यांतलाच भेद घ्या. ईगोइस्ट म्हणजे आपलं हित आधी असं मानणारा. ईगोटिस्ट म्हणजे सतत स्वतःबद्दल बोलणारा. पहिल्यात मनातली धारणा आहे, दुसऱ्यात दिसणारं वागणं आहे. ईगोटिस्ट माणसाचं अर्ध्या तासाचं बोलणं रेकॉर्ड करून त्यात 'मी' किती वेळा आला हे मोजता येईल. ईगोइस्ट असणं असं मोजता येत नाही. तो कदाचित गप्पच बसेल आणि हळूच मोठा तुकडा उचलेल.

हा भेद लक्षात ठेवा. संशोधनात सगळं इथूनच सुरू होतं. दुर्दैवाने पुस्तक हा भेद एका जोडीपुरता करतं आणि पुढे जातं.

चार रकाने

लुईस यांच्या पुस्तकाच्या तेरा वर्षं आधी, 1936 मध्ये, गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक चिकाटीचं काम प्रसिद्ध केलं होतं. वेबस्टरचा मोठा शब्दकोश घेऊन त्यातून माणसाचं वर्णन करणारे सगळे शब्द त्यांनी वेचले. भरले 17,953. मग ते चार रकान्यांत वाटले.

पहिल्या रकान्यात टिकाऊ स्वभाव: अग्रेसिव्ह, सोशेबल असे शब्द. हे भरले 4,504. दुसऱ्यात तात्पुरत्या अवस्था आणि मूड: फ्रँटिक, रिजॉइसिंग. हे 4,541. तिसऱ्यात माणसाला बरं-वाईट ठरवणारे शब्द: वर्दी, इन्सिग्निफिकंट. हे 5,226. चौथ्यात उरलेसुरले, 3,682.

आकडे पुन्हा पाहा. सगळ्यात मोठा रकाना तिसरा आहे. म्हणजे माणसाबद्दलच्या इंग्रजी शब्दांपैकी सर्वांत मोठा गट समोरच्याचं वर्णन करतच नाही. तो बोलणाऱ्याचं मत सांगतो. एखाद्याला 'क्षुल्लक' म्हटलं तर त्या माणसाबद्दल मला काय कळलं? काहीच नाही. म्हणणाऱ्याला तो कसा वाटतो, एवढंच कळलं.

आता ही चाळणी घेऊन लुईसकडे परत या. त्यांचं एक प्रकरण शत्रूंचा अपमान करण्याचे शब्द शिकवतं आणि एक मित्रांची स्तुती करण्याचे. नावातच रकाना सांगितलाय! अपमानाच्या यादीत मार्टिनेट, सिकोफँट, व्हिरागो, आयकॉनोक्लास्ट, एथीइस्ट हे शब्द एका रांगेत बसलेत. व्हिरागो म्हणजे आपल्याकडची 'कजाग'. हा शब्द फक्त बायकांसाठी. तेवढ्याच मोठ्याने भांडणाऱ्या पुरुषाला यादीत जागा नाही. एथीइस्ट म्हणजे नास्तिक. आगरकरांच्या महाराष्ट्रात हा शब्द शिवी म्हणूनही वापरला गेला आणि अभिमानानेही. आयकॉनोक्लास्ट म्हणजे मूर्तिभंजक, रूढ कल्पना मोडणारा. विज्ञानाच्या इतिहासात हा शब्द बहुतेक वेळा कौतुकाने येतो. शब्द तोच, पण स्तुती की अपमान हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. पुस्तक नेमकं हे सांगत नाही. कोणी, कोणाला, कुठून म्हटलं, याचा पत्ता नाही. शब्द म्हणजे समोरच्याच्या कपाळावर चिकटवायची चिठ्ठी, असा पुस्तकाचा एकूण सूर आहे.

बोलण्याच्या सवयींचं प्रकरण मला त्यातल्या त्यात उजवं वाटतं. टॅसिटर्न, लॅकोनिक, गॅर्युलस, व्हर्बोस असे शब्द त्यात आहेत. बोलणं मोजता येतं, त्यामुळे हे शब्द संशोधनाच्या जवळचे. पण इथेही तिसरा रकाना डोकावतोच. मराठीतच बघा ना: बोलका, बडबड्या, वाचाळ. तिघेही मिनिटाला तेवढेच शब्द बोलत असतील. पहिला आपल्याला आवडतो, दुसरा चालतो, तिसरा नकोसा होतो. तसंच मितभाषी, अबोल आणि घुम्याचं. आकडा एक, निवाडे तीन. पेपर लिहिताना आकडा लिहायचा असतो. निवाडा नकळत शब्दातून शिरतो.

गांधीलमाशीची राणी 'डोसाइल' कशी?

उदाहरण माझ्या क्षेत्रातलं देतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं. या जातीच्या राणीचं वर्णन शोधनिबंधांत 'डोसाइल' असं येतं. शब्दकोश काढलात तर मराठी अर्थ मिळेल गरीब, नम्र, आज्ञाधारक. लुईसच्या पद्धतीने मूळ काढलंत तर लॅटिन 'डोचेरे', शिकवणे. 'डॉक्टर' त्याच मुळातला. म्हणजे डोसाइल हा मुळात 'शिकवण्याजोगा'.

आता यातला एकही अर्थ राणीला लावून बघा. ती कोणाची आज्ञा पाळते? तिला कोण काय शिकवतं? मग हा शब्द आला कुठून?

तो आला मोजणीतून. गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांच्या 1983 च्या शोधनिबंधाची पद्धत बघा. प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके देऊन तिला ओळख दिली. मग कोणती माशी किती वेळ बसून अंग साफ करते, किती वेळ स्पर्शिका उंचावून सावध बसते, किती वेळ चालते, किती वेळ घरट्याबाहेर असते, याचा हिशोब ठेवला. या हिशोबावरून माश्यांचे तीन गट पडले. त्यांना नावं दिली सिटर्स, फायटर्स आणि फोरेजर्स: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या. राणी पहिल्या गटात निघाली. इतर कित्येक जातींत राणी मारामारी करून सत्ता राखते. ही राणी क्वचितच भांडते. 'डोसाइल' म्हणजे एवढंच. पुढे राणीला बाजूला काढल्यावर दिसलं की एक कामकरी माशी एकदम प्रचंड अग्रेसिव्ह होते, आणि काही दिवसांत तिचं भांडण उतरत जाऊन तीच पुढची राणी बनते. म्हणजे इथे 'अग्रेसिव्ह' हा तिचा कायमचा स्वभाव नाही, बदलणारी अवस्था आहे. ऑलपोर्ट यांनी पहिल्या रकान्यात ठेवलेला शब्द या घरट्यात दुसऱ्या रकान्यात गेला.

'अग्रेसिव्ह'ची मराठी बाजू आणखी मजेदार आहे. आपल्या वर्तमानपत्रांत रोज कोणी ना कोणी आक्रमक असतं: शेतकरी आक्रमक, विरोधक आक्रमक, पालक आक्रमक. त्यात निम्मं कौतुक असतं. क्रिकेटमध्ये तर पूर्ण कौतुक. हा अर्थ डोक्यात ठेवून वर्तनशास्त्राचा पेपर वाचलात तर गोंधळ ठरलेला. तिथे अग्रेसिव्ह म्हणजे चावणं, पाठलाग, ढकलणं अशा ठरवून दिलेल्या कृती आणि त्यांची तासाला संख्या. व्याख्या 'मेथड्स'मध्ये दिलेली असते. शब्दकोश तिथे चालत नाही.

'अल्ट्रुइस्ट'चंही तसंच. लुईसकडे तो परोपकारी माणूस आहे. जीवशास्त्रात डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांच्या 1964 च्या कामापासून अल्ट्रुइझम हा हिशोबाचा शब्द आहे: करणाऱ्याच्या प्रजननाचं नुकसान, दुसऱ्याचा फायदा. स्वतः अंडी न घालता राणीची पिल्लं वाढवणारी कामकरी माशी अल्ट्रुइस्ट ठरते. तिच्या मनात दया आहे की नाही, हा प्रश्नच नाही.

भीती की गोठणं?

हा वाद फक्त शब्दांचा आहे असं वाटत असेल तर जोसेफ लेडू यांचं उदाहरण पाहा. उंदराला आवाज ऐकवायचा, लगेच विजेचा हलका झटका द्यायचा. काही वेळा असं केल्यावर नुसता आवाज ऐकून उंदीर जागच्या जागी गोठतो. या प्रयोगाला 'फिअर कंडिशनिंग' म्हणतात, आणि मेंदूतल्या अमिग्डलाबद्दलचं बरंच ज्ञान या प्रयोगातून आलं. या क्षेत्रात लेडू यांचं नाव फार मोठं.

2014 मध्ये त्यांनीच लिहिलं की या प्रयोगाला 'फिअर' म्हणणं सोडावं. 'थ्रेट कंडिशनिंग' म्हणावं. कारण आपण पाहिलं ते गोठणं, आणि मोजली ती मेंदूची धोक्याला दिलेली प्रतिक्रिया. 'भीती' ही जाणवणारी भावना आहे; उंदराला ती जाणवली का हे या प्रयोगातून कळत नाही. आणि परिणाम? गोठणं कमी करणारं औषध माणसाची भीती कमी करेलच असं धरून चालणं ही शब्दाने घातलेली उडी आहे.

सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलंय असं नाही. पण एका शब्दावरून एवढा मोठा संशोधक आपल्याच क्षेत्राचं नाव बदलायला निघतो, यावरून शब्दाचं वजन कळावं.

मुळाचा मोह

लुईसच्या पद्धतीवर दुसरा आक्षेप मुळांबद्दल. मूळ शब्द आठवायला मदत करतं. अर्थाची हमी देत नाही. मराठी माणसाला हे पटवायला लॅटिन लागत नाही. 'चेष्टा' घ्या. संस्कृतात हालचाल, वर्तन. हिंदीत प्रयत्न. मराठीत थट्टा. मूळ एकच, आणि 'त्याने माझी चेष्टा केली' हे वाक्य मुळावरून समजायला गेलात तर फसलात. 'मेलँकली' या शब्दात काळं पित्त आहे, 'सँग्विन'मध्ये रक्त आहे, 'हिस्टेरिया'मध्ये गर्भाशय आहे. जुन्या वैद्यकाच्या या खुणा आहेत. त्या गमतीने लक्षात ठेवा, पुरावा म्हणून वापरू नका. 'हिस्टेरिया'च्या बाबतीत तर मुळाने शतकानुशतकं बायकांचं नुकसानच केलंय.

मराठी अर्थाचा कप्पा

आपण मराठी वाचक हे पुस्तक वाचताना आणखी एक गोष्ट करतो. समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहितो. एक इंग्रजी शब्द, बरोबर, एक मराठी शब्द. परीक्षेपुरतं ठीक. संशोधनात यातून थेट डेटा बिघडतो.

कसा, ते सांगतो. 1988 मध्ये वॉटसन, क्लार्क आणि टेलेगन यांनी 'पॅनास' नावाची मापनश्रेणी दिली. जगभर वापरतात. त्यात भावनांचे 20 शब्द आहेत, 10 सकारात्मक, 10 नकारात्मक, आणि प्रत्येकासमोर 1 ते 5 पैकी आकडा निवडायचा. 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारलं तर अवस्था मोजली जाते, 'एकंदरीत कसं वाटतं' विचारलं तर स्वभाव. शब्द तेच, काळ बदलला की रकाना बदलतो.

आता हे 20 शब्द मराठीत आणून पाहा. यादीत 'स्केअर्ड' आहे आणि 'अफ्रेड'ही आहे. मराठीत दोन्हींचं 'घाबरलेला' होतं. एकच प्रश्न दोनदा विचारला जाईल. 'प्राउड' सकारात्मक यादीत आहे. त्याचं 'अभिमान वाटतो' केलंत तर ठीक. 'गर्व वाटतो' केलंत तर गर्वाचं घर खाली असं ऐकत वाढलेला माणूस 5 वर खूण करेल का? 'अशेम्ड' नकारात्मक यादीत आहे. त्याचं 'लाज वाटते' केलंत तर काही जण ते शरमेने घेतील, काही बुजरेपणाने. मराठीतली 'लाज' इंग्रजीतल्या चार-पाच शब्दांवर पसरलेली आहे. त्याऐवजी शरम वाटणं, ओशाळणं, खजील होणं, बुजणं हे शब्द वेगळे करून वापरावे लागतात.

उलट बाजूनेही तसंच. 'रुसणं' हे 'सल्क' नव्हे. रुसायला हक्काचं माणूस लागतं, आणि त्याने समजूत काढावी ही अपेक्षा त्या शब्दातच असते. अनोळखी माणसावर कोणी रुसत नाही. मत्सर, हेवा, असूया या तिघींना 'जेलस' या एका शब्दात कोंबलं की त्यांतले फरक नाहीसे होतात.

यावर उपाय आहे. एकाने मराठीत भाषांतर करायचं, आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं. याला 'बॅक ट्रान्सलेशन' म्हणतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये त्याची पद्धत मांडली. 'घाबरलेला' दोन्ही वेळा 'स्केअर्ड' होऊन परत आला की चूक पकडली जाते. पण 'लाज वाटते' परत येताना बरोबर 'अशेम्ड' होऊनही येईल, आणि उत्तर देणाऱ्या मुलीने मात्र ते 'शाय' म्हणून वाचलेलं असेल. म्हणून पाच-सहा जणांना शेजारी बसवून "या वाक्याचा तुम्हाला काय अर्थ लागला?" हे विचारावंच लागतं.

संशोधकाच्या दृष्टिकोनाचे शब्द

काही शब्द तुमच्या स्वतःच्या वृत्तीबद्दलचे आहेत. ते नीट कळणं जास्त महत्त्वाचं.

स्केप्टिकल आणि सिनिकल. दोन्हींचा अर्थ समासात 'संशयी' असा लिहिलेला असतो. स्केप्टिकल माणूस म्हणतो, पुरावा दाखवा, मग मान्य करतो. सिनिकल म्हणतो, सगळे सारखेच, पुरावा दाखवून काय फरक पडणार? पहिला पेपर वाचतो, दुसरा न वाचताच बाजूला ठेवतो.

डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड. दुसऱ्याचा अर्थ रस नसलेला. पहिल्याचा काटेकोर अर्थ ज्याचा त्यात स्वार्थ नाही असा. रोजच्या इंग्रजीत दोघांची सरमिसळ होते. पण समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1942 मध्ये विज्ञानाची चार मूल्यं सांगितली, त्यात 'डिसइंटरेस्टेडनेस' आणि 'ऑर्गनाइज्ड स्केप्टिसिझम' ही दोन आहेत. तिथे पहिल्याचा अर्थ 'रस नसणं' असा घेतलात तर विज्ञानाचं मूल्य म्हणजे कंटाळा असं होऊन बसेल!

हे तुमच्याबद्दलही आहे

आता मुद्द्याचं. आपल्याकडे एक वाक्य सर्रास बोललं जातं: "मराठी माध्यमातली, गावाकडची मुलं शाय असतात, कॉन्फिडन्स कमी असतो." हेच वाक्य उद्या प्रबंधात येतं. ते चार रकान्यांतून गाळून पाहा. प्रत्यक्षात दिसलं काय? इंग्रजीतून चाललेल्या वर्गात मुलाने हात वर केला नाही. हे वर्तन झालं. त्या क्षणी त्याला भीती वाटली असेल, हा अंदाज झाला. तो स्वभावानेच बुजरा आहे, ही दुसरी उडी. आणि 'कॉन्फिडन्स कमी' यात तर सरळ निवाडाच आहे. तोच मुलगा गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन असेल, सासवडच्या बाजारात बापाबरोबर टोमॅटोचा भाव ठरवत असेल. तिथे कोणी मोजलं का? एका खोलीत, एका भाषेत पाहिलेल्या वागण्यावरून पहिल्या रकान्यातला शब्द चिकटवला, आणि तो मुलगा स्वतःही तो शब्द खरा मानून बसला.

शिफारसपत्रांत हेच होतं. आपल्याकडचं ठरलेलं वाक्य म्हणजे विद्यार्थी 'सिन्सिअर, हार्डवर्किंग आणि ओबीडियंट' आहे. तिन्ही शब्द तिसऱ्या रकान्याला टेकलेले. 'ओबीडियंट' तर संशोधनात गुण आहे की दोष, हाच प्रश्न. निवड समितीला हवं असतं ते दिसलेलं वागणं: हिने तीन वेळा फसलेला प्रयोग बफर बदलून चौथ्यांदा चालवला. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये तुम्ही लिहिता, 'आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट रिसर्च'. 'पॅशनेट' ही भावना आहे. वाचणाऱ्याला ती दिसत नाही. सुट्टीत तुम्ही कुठल्या ओढ्यावर किती बेडूक मोजलेत ते लिहा. पॅशन तो आपोआप ओळखेल.

मग पुस्तक कसं वाचायचं?

लुईस यांनी हे पुस्तक संशोधकांसाठी लिहिलेलं नव्हतं. सामान्य वाचकाला शब्दांची भीती वाटू नये हा त्यांचा हेतू, आणि तो त्यांनी चोख पार पाडलाय. पुढचं काम आपलं आहे. माझ्या सूचना अशा:

एक. रोज एकच टप्पा वाचा, चाचण्या सोडवा. त्यात आळस नको.

दोन. स्वभाव-भावनांचा प्रत्येक शब्द वहीत चार रकान्यांपैकी एकात टाका: टिकाऊ स्वभाव, तात्पुरती अवस्था, निवाडा, इतर. दिसणारं वागणं सांगणारा शब्द असेल तर खाली रेघ मारा. दोन रकान्यांत बसला तर दोन्हींत लिहा. तिथेच खरा अभ्यास होतो.

तीन. पहिल्या दोन रकान्यांतल्या शब्दापुढे एक ओळ लिहा: हे मला दिसेल कसं? मोजायचं झालं तर काय मोजेन? ओळ सुचली नाही तर तो शब्द तुमच्या पेपरमध्ये जपून वापरा.

चार. समासात एक मराठी शब्द लिहू नका. निदान दोन लिहा, आणि त्यांतला फरक सांगणारं एक मराठी वाक्य लिहा.

पाच. आठवड्याला तुमच्या विषयातला एक पेपर घ्या. त्यात भावना, वृत्ती किंवा वर्तनाचा एक शब्द शोधा आणि 'मेथड्स'मध्ये त्याची व्याख्या आहे का ते पाहा. व्याख्या सापडली नाही तर तो पेपरचा कच्चा दुवा समजा. जर्नल क्लबमध्ये विचारायला तुम्हाला प्रश्न मिळाला.

आजच्यासाठी गृहपाठ: 'लेझी'. हा शब्द कोणत्या रकान्यात टाकाल? आणि एखादा विद्यार्थी लेझी आहे असं लिहायचं झालं, तर तुम्ही नेमकं काय पाहिलेलं असायला हवं? कमेंटमध्ये लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, उलट 'आळशी'बरोबर 'ऐतखाऊ', 'सुस्त' आणि 'कामचुकार' यांचाही हिशोब होऊन जाईल.